पहिल्या वर्गाचा पास : चैन की सोय?

सकाळी साडेआठला चेंबूर स्टेशनात उभ्या राहणाऱ्या मैत्रिणींनो, पनवेलहून येणाऱ्या गाडीचं वर्णन तुम्हांला मी काय सांगायचं! खाडीपलीकडच्या बायका बसलेल्या, मानखुर्द-गोवंडीच्या उभ्या आणि आपण दारातल्या दांडीला. अशा वेळी पहिल्या वर्गाच्या डब्याकडे नजर जातेच.

पण पहिल्या वर्गाचा पास साध्या पासाच्या जवळजवळ तिप्पट किंवा त्याहूनही महाग. फरकाच्या पैशांत आठवड्याची भाजी येते, हे आपल्याच मनात येतं. बरं, बसायला मिळेलच असंही नाही! बायकांचा हा डबा केवढासा. चेंबूरला तोही भरूनच येतो. कुर्ल्याला कोणी उतरली तर आपलं नशीब. तेव्हा पैसे मोजायचे ते जागेसाठी नव्हे, धक्के कमी बसावेत म्हणून, हे आधीच ओळखून असावं. तुमची नोकरी वाशी-बेलापूरकडे असेल, म्हणजे सकाळी गर्दीच्या उलट जायचं असेल, तर साधा पास पुरे.

एकदम पास काढू नका. मे 2022 मध्ये पहिल्या वर्गाच्या एकेरी तिकिटाचे दर निम्मे झाले (किमान भाडं 50 रुपयांवरून 25वर आलं), पासाचे मात्र उतरले नाहीत. म्हणून आधी चार दिवस तिकीट काढून पाहावं. पटलं तर तीन महिन्यांचा पास घ्यावा. त्याला महिन्याच्या पासाच्या 2.7 पटच पैसे पडतात. आणि 'एकच तर स्टेशन' म्हणून साध्या पासावर त्या डब्यात मुळीच चढू नका. भाड्याचा फरक आणि वर निदान 250 रुपये दंड!

आमच्याकडे ह्यांचा पास वर्षानुवर्षं पहिल्या वर्गाचा. त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. माझी कंबर धरली, तेव्हा मात्र मीच आठ दिवस हिशेब करीत बसले. शेवटी चार दिवस तिकीट काढून गेले. संध्याकाळी कणीक मळताना मी मनगट चोळत नाही, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. मग पास काढला. ह्यांनी विचारलं, "एवढे पैसे?"

मी काही बोलले नाही. त्यांच्या खिशातला पास काढून माझ्या पासाशेजारी ठेवला.