फटफटीचा आवाज वाढला, पेट्रोलचे काय?

कापूस विकला की घरचा तरुण जुन्या फटफटीला मोकळा सायलेन्सर अन् उघडा एअर फिल्टर बसवून आणतो. हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते. मग घाटंजीहून यवतमाळला भरधाव जाताना इंजिन तापते, पिस्टन जाम होतो.

इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहा. टोक पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी. काळेकुट्ट, तर जास्त. तपकिरी, तर ठीक. कमी असल्यास कार्बोरेटरमधले मेन जेट, म्हणजे बारीक छिद्राची पितळी गुंडी, एकाच नंबराने मोठे लावून पुन्हा पाहावे. आमच्या मते मात्र काळ्या रानाच्या धुळीत उघडा फिल्टर म्हणजे पिस्टनला कानसच! कर्कश सायलेन्सर तर कायद्यालाही चालत नाही. मूळचे सामान परत बसवलेत, तर जेटही मूळचेच लावा.