घसा ठीक, तरी आवाज नाही

आज वसुली, व्याज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज मनाविषयी बोलू या. मनाचा जो भाग आपलाच असून आपल्याला दिसत नाही, त्याविषयी. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला अबोध मन म्हणतात. आपल्या जुन्या मराठीत त्याहून सोपा शब्द आहे, नेणीव. कळतं ती जाणीव आणि आत असूनही कळत नाही ती नेणीव.

विषय सुचायला कारण घडलं. आमच्या एका गटातल्या ताईंचा आवाज गेला. सर्दी नाही, ताप नाही. एका सकाळी उठल्या तर तोंडातून नुसती हवा. तालुक्याच्या डॉक्टरांनी घसा तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं. मग घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, उतारा झाला. त्याचा खर्च आमच्याच गटातून अंतर्गत कर्ज म्हणून गेला. वहीत कारण लिहिलं, आजारपण. बैठकीत कुणीतरी कुजबुजलं, "नाटक करते गं, हप्ता चुकवायला." आम्ही ऐकलं आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं होतं.

पुढे वाचनात एका मुलीची हकिकत आली. ऑस्ट्रिया देशातलं व्हिएन्ना शहर, साल १८८०. मुलीचं नाव बर्था पापेनहाइम, वय एकवीस, घर श्रीमंत ज्यू कुटुंबाचं. बुद्धीनं तल्लख, पण शाळा सोळाव्या वर्षी संपली. धाकटा भाऊ पुढे विद्यापीठात कायदा शिकला. हिच्या वाट्याला घरकाम, भरतकाम आणि लग्नाची वाट बघणं. हातानं काम चालायचं आणि मनात ही गोष्टी रचत बसायची. त्याला ती आपलं खासगी नाटकघर म्हणायची. हाक मारली की लगेच ओ द्यायची, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. (आपल्यातही अशी नाटकघरं कितीजणींकडे असतील!)

त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. रात्रीचं जागरण बर्थाकडे. काही महिन्यांत तिलाच खोकला लागला, उजवा हात ताठ झाला, नजर बिघडली. मग तर मायबोली जर्मनच बोलता येईना. इंग्रजी तेवढी यायची. योसेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर येऊ लागले. त्यांनी त्या काळी फार कुणी न केलेली गोष्ट केली. संध्याकाळी बसून ते तिचं बोलणं ऐकून घ्यायचे. ती त्यांना गोष्टी सांगायची, अँडरसनच्या परीकथांसारख्या. बहुतेक गोष्टींत एक मुलगी असायची, आजाऱ्याच्या उशाशी काळजीनं बसलेली. स्वतःबद्दल ती अवाक्षर बोलत नव्हती, पण गोष्टीतून तीच बोलत होती.

पुढे ऐन उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईना. तहान लागायची, पेला हातात घ्यायची, ओठाला लागताच दूर ढकलायची. जवळजवळ सहा आठवडे कलिंगडासारख्या फळांवर काढले. कारण तिलाही सांगता येत नव्हतं. एकदा संमोहनाच्या गुंगीत ती घरातल्या इंग्रज सोबतिणीबद्दल कुरकुरायला लागली. ही बाई तिला आवडत नसे. एकदा तिच्या खोलीत बर्था गेली, तर बाईंचं कुत्रं पेल्यातून पाणी पीत होतं. किळस आली, पण बरं दिसणार नाही म्हणून ती काही बोलली नव्हती. तो गिळलेला राग आता तोंडातून बाहेर पडला. लगेच तिनं पाणी मागितलं, भरपूर प्याली आणि पेला ओठाला असतानाच शुद्धीवर आली. अशा बोलण्याला तिनंच गमतीनं नाव दिलं, धुराडं साफ करणं.

ब्रॉयरनी ही हकिकत आपले तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड यांना सांगितली. १८९५ साली दोघांनी मिळून पुस्तक काढलं. त्यात बर्थाचं नाव लपवून 'ॲना ओ.' असं ठेवलं. फ्रॉइडनी पुढे आयुष्यभर अबोध मनावर लिहिलं. त्यांचं सगळंच आज कुणी मानत नाही, पण मूळ मुद्दा आपल्याला घरातल्या उतरंडीवरून कळेल. जे कुणाला दिसू नये ते आपण सगळ्यात खालच्या मडक्यात ठेवतो, वर दहा मडकी रचतो आणि वर्षानुवर्षं तिकडे हात जात नाही. पण ते तिथं असतंच. मनानं गिळलेलं असंच खाली राहतं आणि शब्द मिळाला नाही तर कधी कधी हात, घसा, पोट यांच्यातून वर येतं. नाटक करणाऱ्याला आपण नाटक करतोय हे ठाऊक असतं. इथे त्या बाईलाच ठाऊक नसतं.

लिहिणाऱ्यांना हे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात राणी नवऱ्याला राजाचा खून करायला भाग पाडते. दिवसा ती खंबीर. पुढे मात्र रात्री झोपेत चालते आणि हाताला आता नसलेलं रक्त चोळचोळून धुते. लपून बघणारा वैद्य म्हणतो, हे माझ्या विद्येपलीकडचं आहे. शिरवाडकरांनी हेच नाटक 'राजमुकुट' या नावानं मराठीत आणलं. आणि आपल्या आज्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ते उगाच नाही. पहाटेचा अंधार, हाताला लय आणि ऐकायला जातं. घरात जे बोलता येत नव्हतं ते तिथं बोललं जायचं.

मात्र एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तक वाचून वाटतं, बर्था बोलली आणि बरी झाली. तसं झालं नाही. १८८२ मध्ये ब्रॉयरचे उपचार थांबले आणि तिला स्वित्झर्लंडच्या एका आरोग्यधामात दाखल केलं. वेदना थांबवायला दिलेल्या मॉर्फिनची सवय जडली होती. पुढची काही वर्षं ती पुन्हा पुन्हा रुग्णालयात जात राहिली. पण त्यानंतर ती जर्मनीत फ्रँकफर्टला गेली, अनाथ मुलींच्या आश्रमाची प्रमुख झाली, १९०४ मध्ये तिनं ज्यू स्त्रियांची देशभराची संघटना उभारली आणि १९०७ मध्ये कुमारी मातांसाठी घर काढलं. मुलींच्या विक्रीविरुद्ध लढली. १९५४ साली जर्मनीत तिच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. व्हिएन्नातल्या आजाराबद्दल मात्र ती बोलत नसे.

आता आमच्या ताईंचं. त्यांच्याच परवानगीनं सांगतोय. आम्ही बैठकीत त्यांना काही विचारलं नाही. शेंगा फोडायला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. त्या खुणेनं, कधी पाटीवर लिहून बोलायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी एक शब्द लिहिला, हक्कसोड. आवाज जायच्या आठवडाभर आधी भावांनी त्यांना वडिलांच्या जमिनीवर सही करायला नेलं होतं. कचेरीत साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं देताय ना? त्यांनी हो म्हटलं. माहेर तुटायला नको म्हणून म्हटलं.

ते लिहिल्यावर त्या खूप रडल्या, पण आवाज काही आला नाही. आम्ही त्यांना जिल्हा रुग्णालयात नेलं, मानसोपचार विभागात. तिथल्या डॉक्टरांनी आधी कान-नाक-घसा आणि मेंदूच्या तपासण्या करून घेतल्या, मग बोलणं सुरू केलं. घरच्यांना कळू न देता विचारायचं असेल त्या बायकांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आवाज दोन महिन्यांनी आला, आधी पुटपुटल्यासारखा. जमीन गेली ती गेलीच. या वर्षी भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या नाहीत. देवऋषीच्या कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत, आणि "हप्ता चुकवायला" म्हणणाऱ्या काकूंनीच त्यातला एक भरायचं कबूल केलंय. गेल्या बैठकीत हजेरी ताईंनी घेतली. मधल्या तीन नावांना आवाज बसला, तेव्हा शेजारणीनं ती नावं वाचली.