‘वर’ म्हणजे नेमके कुठे?

म्हशाकडच्या तिसरी-चौथीतल्या मुलाला ‘वर कुठे?’ असे विचारले, तर ते बहुधा सह्याद्रीकडे बोट दाखवील. मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे जायचे म्हणजे ‘वर’, घाटावर जायचे. ही दिशा पूर्वेची. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात मात्र ‘वर’ उत्तर असते. उल्हास नदी कर्जतहून बदलापूरकडे, साधारण उत्तरेला वाहते. नकाशात ती चढताना दिसते. मग ‘पाणी वर कसे चढेल?’ असे एखाद्याने विचारले तर ते मूल मठ्ठ नव्हे, ते नकाशाकडे लक्ष देऊन पाहते आहे.

वरच्या बाजूला उत्तर, हा केवळ संकेत. इद्रिसी या अरब भूगोलज्ञाने ११५४ साली केलेल्या जगाच्या नकाशात वर दक्षिण होती. तेव्हा पहिल्या तासाला नकाशा भिंतीवरून उतरवून अंगणात पसरावा आणि त्याची उत्तर जमिनीच्या उत्तरेशी जुळेपर्यंत फिरवावा. पूर्वेची कड सह्याद्रीच्या बाजूला आली, की नदीची अडचण आपोआप सुटते.

पण जमिनीची उत्तर ठरवायची कशी? ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे वाक्य ढोबळ आहे. म्हसा सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनअखेर सूर्य खऱ्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. म्हणून सपाट जागी एक काठी उभी रोवावी. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि दोरीने काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ आखावे. दुपारी सावलीचे टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दोन्ही जोडणाऱ्या रेषेला काटकोनात उत्तर-दक्षिण रेषा मिळते. (दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते, असे मात्र सांगू नये. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ती आपल्याकडे दक्षिणेला पडते.)

आता होकायंत्र. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावी आणि पिंपळपानावर ठेवून करवंटीतल्या पाण्यावर तरंगवावी. सुई त्याच रेषेवर येऊन थांबते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एक अंशाहूनही कमी आहे. मात्र सुईचे कोणते टोक उत्तरेचे, हे सुई स्वतः सांगत नाही. सावलीवरून ते ठरवून रंगाचा ठिपका द्यावा. जवळ लोखंडी बाक नको. गडावर नेल्यास कातळापासूनही जरा दूर धरावे, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि वीज पडलेला खडक सुईला भलतीकडे वळवतो.

छापील नकाशा, समोच्च रेषा वगैरे पुढच्या इयत्तांसाठी ठेवावे. आधी मुलांनी पावलांनी मोजून शाळेचे अंगण खडूने आखावे. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. ती पाहून आल्यावर मंदिर, बैलबाजार, पाळणे, एस. टी. थांबा यांसाठी खडे मांडून यात्रेचा नकाशा करायला सांगावा. मग एकेकाला विचारावे: गर्दीत हात सुटला, सह्याद्री तुझ्या पाठीशी आहे, तर उत्तर कोणत्या हाताला? आणि थांबा कुठे?