बोटीचा ट्रेलर: कमी खर्चात, घरच्या घरी, पण कुठल्या क्रमानं?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. हेडफोन घरी राहिले असतील तर आरामात वाचा. बोलताना जी आकडेमोड मी पटकन उरकली, ती इथे जरा नीट मांडली आहे.

आजचा विषय छोट्या बोटीचा ट्रेलर. मी राहतो मिशिगनमध्ये. या राज्यात ११,००० हून जास्त तळी आहेत, त्यामुळे जुनी १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट विकत घेणं हे इथे सेकंडहँड बाइक घेण्याइतकं साधं काम आहे. बोट बघायला गेलेला माणूस बोटीचा तळ ठोकून बघतो, इंजिन चालू करून बघतो, पैसे देतो आणि निघतो. खाली जो ट्रेलर असतो तो 'त्याच्यासोबत आलाच' म्हणून येतो. त्याच्याकडे वाकून कोणी बघत नाही.

आता गंमत बघा. मिशिगनमध्ये ट्रेलरला एकदा कायमची नंबरप्लेट मिळते. दरवर्षी नवी करायची भानगड नाही. गाड्यांची ठरावीक काळानं होणारी सक्तीची सुरक्षा तपासणीही या राज्यात नाही. म्हणजे प्लेट लागली की त्या ट्रेलरची चाकं, दिवे, साखळ्या तपासायला कोणीही येणार नाही. तपासणार कोण? तुम्ही. आणि चूक झाली तर भोगणार कोण? बहुतेक वेळा तुमच्या मागच्या गाडीतलं कुटुंब. म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे: पैसे थोडे असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी जे फिरतं ते, मग जे दिसायला हवं ते, मग जे तोलतं ते, मग बोट ज्यावर टेकते ते, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

पहिला खर्च: बेअरिंग

ट्रेलरचं चाक लहान असतं, म्हणून ते जास्त फिरतं. साधा हिशोब आहे. ८ इंची रिमवरच्या छोट्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण १६ इंच. ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर वेगाला तो मिनिटाला १,२६० च्या आसपास फेरे मारतो. त्याच वेळी पुढे ओढणाऱ्या गाडीचं २६ इंची चाक ७७५ फेऱ्यांवर असतं. म्हणजे तुमची गाडी निवांत चाललेली असते आणि मागे बिचारं लहान चाक जीव तोडून पळत असतं. त्यानं आतलं हब तापतं.

मग आपण तळ्यावर पोचतो आणि काय करतो? ते तापलेलं हब थेट गार पाण्यात बुडवतो. समजा आतली हवा ६० अंश सेल्सिअस आहे आणि पाणी १५ अंश. हवा साधारण १३ टक्के आकसते. आत दाब कमी झाला की बाहेरचं पाणी मागच्या सीलच्या फटीतून आत ओढलं जातं. अकरावीच्या पुस्तकातला वायूचा नियम तो हाच, बरं का! पाणी ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस दुधाळ होतं, आणि बोट हिवाळाभर उभी राहिली की बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच लांबच्या फेरीत ते बेअरिंग घासतं, तापतं आणि शेवटी जाम होतं. वाईटात वाईट म्हणजे चाक हबसकट निघून रस्त्यावर जातं.

उपाय स्वस्त आहे. ट्रेलर जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर काम करायचं नाही, कधीच नाही), चाक हातानं फिरवा. खरखर आवाज येतो का? चाक वरखाली हलवून बघा, ढिलं लागतं का? काहीही शंका आली तर हब उघडायचं. बेअरिंग रॉकेलसारख्या द्रावणात धुवून, पूर्ण वाळवून बघायचं. ठिपके, ओरखडे, निळसर डाग दिसले तर ते बदलायचं. बदलताना आत ठोकून बसवलेली बाहेरची कडीही बदलायची. जुन्या कडीत नवं बेअरिंग बसवलं की तेही लवकर जातं. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. एक इंच आणि एक सोळांश इंच जाडीच्या स्पिंडलला एल-४४६४९ हा नंबर खूप ठिकाणी दिसतो, पण आपला नंबर वाचूनच ऑर्डर द्या.

ग्रीस पाण्यात टिकणारं, मरीन ग्रीस घ्या. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. सील दरवेळी नवं. नट घट्ट करताना चाक फिरवत राहा, मग नट मोकळा करा आणि फक्त बोटानं लागेल तेवढा आवळा. शेवटी नवी कॉटर पिन. बेअरिंग फार आवळणं हेही ते जळण्याचं कारण असतं.

यावर खरी कमाल करणारी गोष्ट म्हणजे स्प्रिंगवालं ग्रीस टोपण. हबच्या तोंडावर हे बसवायचं. आतली स्प्रिंग ग्रीसवर हलका दाब ठेवते, त्यामुळे हब गार पडलं तरी पाण्याला आत यायला जागाच राहत नाही. ग्रीसगननं भरताना मात्र हात आवरा. जास्त दाब दिला तर मागचं सीलच बाहेर येतं.

आणि एक फुकटचा उपाय: तळ्यावर पोचल्यावर १०-१५ मिनिटं थांबा. दोर बांधा, लाइफ जॅकेट काढा, चहा प्या. तोवर हब गार होतं. लांबच्या प्रवासात पहिल्या १५-२० मैलांनंतर थांबून हाताची मागची बाजू हबजवळ न्या. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर पुढे जाऊ नका.

टायर: वय बघा

टायरवर 'एसटी' लिहिलेलं असायला हवं. ही आपली लालपरी नाही हं, 'स्पेशल ट्रेलर'! या टायरच्या बाजू जड ओझ्यासाठी बनवलेल्या असतात. बोटीच्या ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच जातो, कारण तो चालतोच किती? तो उन्हात उभा राहून म्हातारा होतो. बाजूला 'डीओटी' नंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी बाजूला बारीक भेगा असतील तर टायर बदला.

हवा टायर थंड असताना भरा. छोटे ट्रेलर टायर कमी हवेवर चालले की बाजू सतत दुमडते, तापते आणि टायर फुटतो. स्टेपनी ठेवा. आणि घरीच एकदा खात्री करून घ्या की गाडीतला पाना ट्रेलरच्या नटला बसतो. बहुतेक वेळा तो बसत नाही, आणि ते हायवेवर कळून उपयोग नसतो.

दिवे: रोग एक, लक्षणं अनेक

छोट्या ट्रेलरला चार वायरी असतात. तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची आणि पांढरी अर्थिंगची. पहिल्या तिघी वीज घेऊन जातात, पांढरी ती परत आणते. जुन्या ट्रेलरमध्ये परतीची वाट म्हणून दिवे लोखंडी सांगाड्यालाच जोडलेले असतात. सांगाडा गंजला की वाट अडते. मग डावा इंडिकेटर लावला की उजवा दिवाही मिणमिणतो, ब्रेक दाबला की सगळेच मंद होतात. असं काही विचित्र दिसलं की बल्ब बदलत बसू नका, आधी पांढरी वायर बघा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल: दहा ठिकाणी बग दिसतो आणि मूळ एकाच फाइलमध्ये असतं.

पक्का उपाय म्हणजे प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढणं, म्हणजे सांगाड्यावर भरवसा ठेवावा लागत नाही. जोड देताना नुसती वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका. आत गोंद असलेले, उष्णतेनं आवळणारे कनेक्टर मिळतात, ते वापरा. दिवे पूर्ण बंद केलेले, पाण्यात चालणारे एलईडी घ्या. त्यांना करंट कमी लागतो आणि गरम काच गार पाण्यात तडकायची भीती नाही. तरीही ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढायची सवय चांगली.

उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यावर रात्री ज्यांनी बाइक चालवली आहे, त्यांना मागचा दिवा नसलेली ट्रॉली समोर अचानक उगवते तेव्हा काय होतं हे सांगायला नको. रिफ्लेक्टरची पट्टी अगदी थोड्या पैशात येते. ती इथेही लावा, तिथेही लावा.

तोल: बाथरूमचा वजनकाटा आणा

ट्रेलर मागे साप चालल्यासारखा डुलतो, कारण त्याचा भार मागे असतो. बोटीचं इंजिन मागे, पेट्रोलची टाकी मागे, बॅटरीही मागे. अंगठ्यासारखा नियम असा धरा की एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर यायला हवा. बोट, इंजिन, ट्रेलर मिळून ३२० किलो असतील तर ३२ किलोच्या आसपास.

मोजायचं कसं? प्रवासाला निघताना असतं तेवढं सगळं सामान बोटीत ठेवा. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना अटकण लावा. वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून दांडा गाडीच्या हिचइतक्या उंचीवर टेकवा आणि आकडा वाचा, त्यातून ठोकळ्याचं वजन वजा करा. भार कमी आला तर आधी बॅटरी आणि टाकी पुढे सरकवून बघा. तरीही पुरलं नाही तर विंचचा खांब दांड्यावर थोडा पुढे घ्या, म्हणजे बोटच पुढे जाते. फक्त बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिनाचं ओझं आहे, ती खालच्या आधारावर टेकलेली राहिली पाहिजे. या कामाला एक पैसा लागत नाही.

सोबत दोन गोष्टी. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावा. कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात न घुसता त्या झोळीत पडतो. आणि बोटीचा मागचा भागही पट्ट्यानं ट्रेलरला बांधा. पुढचा विंचचा पट्टा एकटा पुरत नाही.

लाकूड: इथे एक सापळा आहे

बोट ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर टेकते, त्या कुजतात. दुकानात गेलात की कोणीही सांगेल, 'औषध मारलेलं लाकूड घे, टिकेल.' अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला हा सल्ला घातक ठरतो. त्या लाकडात बहुधा तांब्याचे क्षार असतात. तांबं, ओल आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, तळाला बारीक खड्डे आणि पुढे भोकं पडतात. साधं, सरळ रेषेचं लाकूड घ्या, त्याला बाहेर वापरायचं सीलर दोन-तीन हात मारा, वर मरीन कार्पेट. स्टेपल स्टेनलेस स्टीलचे, आणि ते बोट टेकते त्या बाजूला न मारता खालून मारा. बोल्टची डोकी लाकडात पुरती खाली बसवा.

मागे दोन उभ्या लोखंडी दांड्यांवर पांढरे पीव्हीसी पाइप चढवले की वाऱ्यात बोट ट्रेलरवर सरळ येते. रिव्हर्स घेतानाही ट्रेलर आरशात दिसतो. हे शेवटचं आणि दिसायला सगळ्यात भारी काम. म्हणूनच लोक ते सगळ्यात आधी करतात!

बिल किती?

माझा हिशोब असा: दोन्ही चाकांची बेअरिंग आणि सील ४० डॉलर, ग्रीस टोपणांची जोडी २०, ग्रीस १०, एलईडी दिवे आणि वायर ४५, रिमसकट दोन टायर १३०, लाकूड आणि कार्पेट ५०, पाइपचे खांब २५. एकूण ३२०. पहिल्या महिन्यात फक्त ७० डॉलर असतील तर ते पहिल्या तीन गोष्टींवर घाला, बाकी सगळं थांबू शकतं. टायर भेगाळलेले असतील तर मात्र ते बदलेपर्यंत ट्रेलर रस्त्यावर काढू नका.

काही कामं घरी करायची नाहीत. सांगाड्याच्या वेल्डिंगला तडा, वाकलेला अ‍ॅक्सल, आणि ब्रेक असतील तर ब्रेक, यासाठी जाणकार माणसाकडे जा. गंजावर रंग मारून तडा झाकला जातो, भरत नाही.

तुमच्याकडे बोट नसेल, गावाकडे ट्रॅक्टरची ट्रॉली असेल, तरी बेअरिंग, टायर, दिवे हा क्रम तोच. या शनिवारी दहा मिनिटं काढा, टायरवरचे चार आकडे वाचा आणि पांढरी वायर कुठे संपते ते बघा. काय सापडलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोवर, सांभाळून चालवा!