एल निनोची बातमी वाचताना

एप्रिल-मे आला की ‘यंदा एल निनो, पाऊस कमी’ असे मथळे झळकू लागतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूपुढचा समुद्र तापल्यावर मराठवाड्यातल्या सोयाबीनने का सुकावे, हे त्या बातमीत क्वचितच असते. आपण ते क्रमाने पाहू.

आधी नेहमीची स्थिती. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून पश्चिमेकडे बहुतेक वर्षभर वारे वाहतात. यांना व्यापारी वारे म्हणतात. ते वरचे गरम पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. त्यामुळे तिथली समुद्रपातळी पेरूकडच्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. पेरूपाशी खालचे गार पाणी वर येते.

आता हवा. गरम पाण्यावरची हवा बाष्प घेऊन वर चढते आणि पाऊस पाडते. मग उंचावरून पूर्वेकडे जाऊन गार पाण्यावर खाली उतरते. या फेऱ्याला वॉकर अभिसरण हे नाव पडले ते गिल्बर्ट वॉकर यांच्यावरून. ते १९०४ पासून भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून ठिकठिकाणच्या हवादाबाच्या नोंदी तपासताना या दाबाचा हेलकावा त्यांना सापडला. म्हणजे या शास्त्राची एक मुळी आपल्याच पावसात आहे.

वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे परतते. दोन टोकांच्या तापमानातला फरक घटतो आणि फरक घटला की वारे आणखी मंदावतात. समुद्र आधी की वारा आधी, असे विचारण्यात अर्थ नाही. दोघे एकमेकांना ढकलत असतात. हाच एल निनो. ढगांची जागा मध्य प्रशांताकडे सरकते आणि आपल्याकडे हवा खाली उतरू लागते. अशा हवेत ढग वाढत नाहीत.

इथे घाईने ‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ असा निष्कर्ष काढला जातो. १९९७चा एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२चा त्यामानाने सौम्य, पण पावसाची तूट १९ टक्के. पाणी प्रशांताच्या मध्यभागी तापले की आपल्याला झळ जास्त बसते; १९९७मध्ये ते मुख्यतः पूर्वेकडे तापले होते. शिवाय आपला हिंदी महासागर आहेच. त्याची आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची गार झाली, म्हणजे द्विध्रुव ‘धन’ झाला, की मान्सूनला बहुधा हातभार लागतो. २०१९मध्ये तो ठळकपणे धन होता आणि पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला.

हवामानबदलाने आणखी एक घोळ होतो. उष्ण कटिबंधात पाणी साधारण २८ अंशांपुढे गेले की मोठे ढग उसळतात, असा ठोकताळा आहे. पण सगळाच समुद्र तापत गेला की हा उंबरठाही वर सरकतो. मग नुसते तापमान पुरत नाही. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ते किती जास्त, हे पाहावे लागते.

हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस धो धो पडू शकतो. हंगामाची सरासरी मात्र यातले काहीच दाखवत नाही. २०२३च्या एल निनोत देशाचा पाऊस ९४ टक्के भरला, पण ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा गेला.

म्हणून एप्रिलच्या मथळ्यावर बियाण्याचा निर्णय घेऊ नका. मेअखेरचा सुधारित अंदाज पाहा, हिंदी महासागराबद्दल काय म्हटले आहे ते वाचा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नका.