सत्तावन्न वादक, एक लॅपटॉप

ऑफिस सुटल्यावर तुम्ही काय करता? जिम, कॉलेज रोडवर कॉफी, नाहीतर घरी येऊन वेबसीरिज... माझ्या ओळखीतले तीन-चार नाशिककर मात्र घरी आले की हेडफोन चढवतात. बेडरूममध्ये लॅपटॉप, दोन स्पीकर, छोटासा कीबोर्ड आणि भिंतीला चिकटवलेला फोम. दिवसा सातपूर-अंबडच्या कंपनीत नाहीतर आयटीत नोकरी. रात्री एकांकिकेला पार्श्वसंगीत, शॉर्टफिल्मला थीम, नाहीच काही तर चुलतबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओला म्युझिक. ही मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास निघतो, ‘तू स्ट्रिंग्ज कुठल्या वापरतोस?’

स्ट्रिंग्ज म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस यांचा ताफा. सिनेमात हिरॉइन वळून बघते तेव्हा मागे जे उसळतं ना, ते!

आणि आपल्याकडे हे वेड वाढवणाऱ्या सिनेमाचं नाव सांगायलाच नको. २०१६चा ‘सैराट’. अजय-अतुल यांनी त्यातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खऱ्याखुऱ्या वादकांकडून वाजवून घेतला. गोष्ट करमाळ्याकडची, स्ट्रिंग्ज हॉलिवूडच्या! मराठी श्रोत्याच्या कानाला एकदा ती चव लागली, आणि आता एकांकिकेचा दिग्दर्शकसुद्धा म्हणतो, ‘तसं काहीतरी मोठ्ठं दे ना.’ बजेट? ते तालमीच्या चहा-वडापावात संपलेलं असतं.

इथे कामाला येते सॅम्पल लायब्ररी.

हा फंडा काय आहे?

एका हॉलमध्ये खरे वादक बसवायचे. त्यांच्याकडून एकेक स्वर वाजवून घ्यायचा. हळू, जोरात, लांब, तुटक, बोटाने छेडून, थरथरवून. अशी हजारो छोटी रेकॉर्डिंग्ज सॉफ्टवेअरमध्ये भरायची. तुम्ही कीबोर्डवर एक पट्टी दाबता, आणि कॉम्प्युटर त्यातलं नेमकं रेकॉर्डिंग वाजवतो. दिवाळीच्या रेडिमेड फराळासारखंच हे. चकली खरी असते, फक्त तळलेली दुसऱ्याने असते.

कल्पना जुनीच. १९६३ साली इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत होती आणि स्वर जेमतेम आठ सेकंद टिकायचा. आज तेच काम हार्ड डिस्क करते. पण पर्याय इतके झालेत, की घ्यायचं काय हाच मोठा प्रश्न.

माझ्या एका मित्राचं नेमकं इथेच अडलं होतं. हातात दिवाळीचा बोनस, समोर एकांकिका स्पर्धेची तारीख. चांगल्या स्ट्रिंग्ज लायब्ररीची किंमत तीन-चारशे डॉलरपासून पुढे, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. एकदा घेतली की परत करता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की जाहिराती बाजूला ठेवायच्या आणि कानांवर भरवसा ठेवायचा. एका रविवारी त्याच्या थीमची मिडी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे वेगळी लायब्ररी आहे, त्यांच्या घरी जाऊन तीच चाल वाजवून बघितली. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कुठला स्वर, कधी, किती जोरात, एवढ्याच सूचना असतात. त्यामुळे परीक्षा सगळ्यांना सारखी. पेपर सोपा नव्हता हं. चाल यमनच्या अंगाने जाणारी आणि मधेच पंचमावरून रिषभावर सावकाश उतरणारी एक मींड!

घर पहिलं : फुकट ते पौष्टिक?

पहिली पाळी ‘बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा’ची. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने ती २०१९ मध्ये बाजारात आणली. रेकॉर्डिंग बीबीसीच्या मैदा व्हेल स्टुडिओतलं. पहिली व्हायोलिनं १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १०, बेस ८. म्हणजे नुसत्या स्ट्रिंग्जचेच साठ वादक! हिच्या तीन आवृत्त्या आहेत. सगळ्यात मोठीला शेकडो जीबी जागा लागते. सगळ्यात छोटी ‘डिस्कव्हर’ मात्र काही एमबींत मावते आणि ती फुकट मिळू लागल्यामुळे होम स्टुडिओवाल्यांची पहिली पायरी झाली.

आम्ही ऐकली ती डिस्कव्हरच. लांब कॉर्ड्स ऐकले आणि आम्ही चाट पडलो. हॉलचा गुंजारव आयताच रेकॉर्डिंगमध्ये आहे. पण चाल सुरू झाली तशी मजा कमी झाली. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणं इथे स्वतंत्र रेकॉर्ड केलेलं नाही. त्यामुळे प्रत्येक स्वर शेजाऱ्याशी भांडण झाल्यासारखा वेगळा उभा राहतो. पार्श्वभूमीला उत्तम, गाण्याला नाही.

घर दुसरं : सत्तावन्न माणसं घरात

दुसऱ्याकडे ईस्टवेस्टची ‘हॉलिवूड स्ट्रिंग्ज’ होती, महिन्याच्या वर्गणीवर घेतलेली. २०१०ची लायब्ररी, सत्तावन्न वादक. आवाज? एकदम सत्तर एमएम! व्हायोलिनवर बोट कुठल्या तारेवर, कुठल्या जागी पडलंय, इतके बारीक पर्याय यात आहेत. लॅपटॉप मात्र जाम गरम होतो.

अडचण वेगळीच निघाली. मित्राच्या एकांकिकेत दोन पात्रं, एक खाट आणि एक कंदील. त्या सीनमागे सत्तावन्न माणसांनी एकदम सूर लावला तर प्रेक्षकांना वाटेल, आता विंगेतून घोडदळ येणार. मोठा आवाज म्हणजे मोठी भावना नव्हे. आकार सीनला शोभला पाहिजे.

घर तिसरं : गाणारी मंडळी

तिसरी होती ‘सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज’. २०१६ची, सिडनीत रेकॉर्ड केलेली. वादक पस्तीसच, १०-७-७-६-५ असे. पण इथे एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याचा प्रवासही वादकांनी वाजवलेला आहे. त्याला लेगाटो म्हणतात. चाल पहिल्यांदाच ‘गायल्या’सारखी वाटली.

याचीही किंमत आहे बरं का! खऱ्या वादकाला स्वर बदलायला वेळ लागतो, तोच वेळ इथेही लागतो. सावकाश लेगाटोला सेकंदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३३३ मिलीसेकंद, मधल्याला २५०, जलद असेल तर १००. त्यामुळे प्रत्येक स्वर तेवढा आधी सरकवून ठेवावा लागतो, नाहीतर सगळा ताफा तबल्याच्या मागे राहतो. ज्याला हे कळत नाही तो लायब्ररीला शिव्या घालतो.

आणि मींड?

तिन्ही घरांत मींड हुकली. सपशेल!

का, ते ऐका. तिसऱ्या लायब्ररीत घसरत जाणारे स्वर आहेत, पण ते पाश्चात्त्य पद्धतीचे. ठरलेल्या वेगाने निघतात आणि सरळ मुक्कामी पोचतात. आपली मींड वाटेत रेंगाळते. एखाद्या श्रुतीवर क्षणभर टेकते, मग हलकेच खाली येते. कीबोर्डचं पिच व्हील फिरवून बघा म्हणाल, तर तेही केलं. पण रेकॉर्डिंगमध्ये हॉलचा घुमाराही असतो. स्वरासोबत तोही वाकतो आणि सेल संपत आलेल्या टेपरेकॉर्डरसारखा आवाज येतो.

व्हायोलिन हे वाद्य मींडेला नालायक आहे असं अजिबात नाही. त्याला पडदेच नसतात! प्रभाकर जोग यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ आपल्या आई-बाबांच्या कॅसेटच्या कपाटात असायचं. शब्द नसतानाही त्यातून गाण्याचे शब्द ऐकू यायचे. १९५५ च्या ‘गीतरामायणा’त सुधीर फडक्यांच्या साथीला असलेले जोग २०२१ मध्ये गेले. तिकडे मुंबईत गोव्याहून आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्या पिढीने हिंदी सिनेमात वेगळंच रसायन जमवलं होतं. कागदावर पाश्चात्त्य नोटेशन आणि बोटांत आपल्या चालींची वळणं. अख्खा ताफा एकत्र वळायचा. पुढे १९८०-९०च्या दशकांत सिंथेसायझर आणि सॅम्पलर आले, आणि हे ताफे आक्रसत गेले.

मला जी भीती वाटते ती इथे. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेले स्वर. त्यात जे नाही ते आपण वाजवत नाही, हे ठीक. पण रोज तिच्यावरच चाली बांधत गेलो, तर जे बटणावर नाही ते हळूहळू सुचायचंही थांबतं. मग आपली एकांकिका, त्यांची शॉर्टफिल्म आणि कुणाच्या तरी गेमचा ट्रेलर, सगळं सारखंच वाजायला लागतं.

मित्राने तोडगा काढला तो अगदी घरगुती. मागचे कॉर्ड्स फुकटच्या डिस्कव्हरवर ठेवले, आवाज खाली आणला आणि आपल्या भागात व्हायोलिन शिकवणाऱ्या एका सरांना बोलावलं. पाऊण तासात, दोन टेकमध्ये एकच व्हायोलिन वरची ओळ वाजवून गेलं. मींडेसकट! सरांचं मानधन लायब्ररीच्या किमतीच्या खूप खाली होतं. गंमत म्हणजे, ते एक खरं व्हायोलिन वर आल्याबरोबर मागचा खोटा ताफाही खरा वाटायला लागला. कान वरच्या चालीमागे जातो, बाकीच्यांना तो माफ करून टाकतो.

म्हणून ‘कुठली लायब्ररी बेस्ट’ हा प्रश्न आधी विचारूच नका. आधी चाल करा, तीही गुणगुणून, आणि मग तिला काय हवंय ते बघा. गर्दी हवी असेल तर लायब्ररी आहेच. माणूस हवा असेल तर माणूसच लागतो.

पाकीट उघडण्यापूर्वी...

• सुरुवात फुकटच्या लायब्ररीने करा. तिची मर्यादा तुम्हाला नेमकी खुपली, की पुढे काय घ्यायचं ते आपोआप कळेल.

• वादकांची संख्या बघा. जिव्हाळ्याच्या सीनला छोटा ताफा. स्पिटफायरच्याच ‘चेंबर स्ट्रिंग्ज’मध्ये फक्त सोळा वादक आहेत.

• कंपनीच्या डेमोवर भाळू नका. ते मुरलेले लोक बनवतात. एकेकटं वाद्य, बाकी काही न मिसळता, कसं ऐकू येतं ते शोधा.

• लायब्ररीच्या पैशात एसएसडी आणि रॅमचा खर्च मिळवा.

• मॉड व्हील वापरायची सवय लावा. बहुतेक लायब्ररींत त्यावर लहान-मोठा आवाजच नाही, तर वादकाचा जोरही बदलतो. एकाच जोराने धरलेला लांब स्वर म्हणजे हार्मोनियम!

• लायसन्स तुमच्या एकट्याच्या नावावर असतं. मित्राला कॉपी देणं आणि क्रॅक वापरणं, दोन्ही नको. नोव्हेंबरअखेरच्या सेलमध्ये किमती चांगल्याच उतरतात, तेवढा धीर धरा.

• आणि घराजवळचा व्हायोलिनचा क्लास शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. चालीत मींड आली की कामाला येईल.