ढोलीखालचा दिवस

पहाटे साडेपाच

बॅटरी, दुर्बीण, वही, पाण्याची बाटली, एवढंच सामान. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. वर कडा, आणि कड्यापलीकडे चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. उजाडायच्या आत बेहड्यासमोरच्या करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसावं लागतं. उशीर झाला तर महाधनेशाचा नर माणसाला बघून बिचकतो, घास न देताच फिरतो आणि ढोलीतली मादी उपाशी राहते. महिनाभरापूर्वी ती आत शिरली आणि विष्ठेनं, फळांच्या गरानं तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली आहे.

सात ते दहा

महाधनेश दिसण्याआधी ऐकू येतो. सुपानं धान्य पाखडावं तसा पंखांचा आवाज दरीतून चढत येतो. आज तो ७ वाजून २० मिनिटांनी आला. आधी समोरच्या किंजळीवर बसून इकडेतिकडे बघून घेतलं, मग ढोलीच्या कडेला खोडाला धरून बसला. गळ्यातून एकेक फळ वर काढायचं, चोचीच्या टोकाशी आणायचं, फटीतून आत द्यायचं. मी मोजत होतो: नांद्रुकाची २२ फळं. बाविसावं तिनं घेतलं नाही, तेव्हा त्यानं ते परत गिळलं आणि पुन्हा देऊन बघितलं. दुसऱ्यांदा तिनं घेतलं. वहीत वेळ, फळ आणि संख्या एवढंच लिहायचं असतं. पण त्या बाविसाव्या फळाचं मी खाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

पुढची खेप सव्वानऊला, उंबरं घेऊन. एवढ्या फळांसाठी त्याला किती रान धुंडावं लागत असेल, ते इथे बसल्यावर कळतं. एक ढोली वाचवून भागत नाही. पलीकडच्या वाडीतला उंबर, देवराईतला वड, वरच्या उतारावरचं नांद्रूक, सगळं उभं राहायला हवं.

सव्वादहा

नर गेल्यावर झाडाखाली जातो. मादीनं फटीतून बाहेर टाकलेल्या बियांचा खच पडलेला असतो. रुजण्याजोग्या वेचून पिशवीत घेतो, पावसाळ्यात रोपं करायला.

अकरा

आबांच्या पडवीत. बेहडा त्यांच्या रानात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक रान खासगी मालकीचं, सरकारी जंगल अगदी थोडं. त्यामुळे इथे वन्यजीव राखायचे तर सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्या पडवीत बसावंच लागतं. काही वर्षं गेली की ठेकेदार येतो, उभं रान ठरवून घेतो, ट्रक भरतो. ऐन, किंजळ जातातच. बेहड्याला इमारतीच्या कामात मान नाही, पण खोक्यांसाठी तोही जातो. मुलीचं लग्न, दवाखाना, घराचं छप्पर यांसाठी रान विकणाऱ्याला मी दोष देत नाही. गरजेच्या वेळी त्याच्यापुढे दुसरा पैसा कोणी ठेवलेला नसतो.

आबा म्हणाले, "बाळा, पक्षी राहू दे, मला काय तो जड झालाय? पण उद्या इथं अभयारण्याची पाटी लावलीत तर?"

ही भीती उगाच नाही. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये ३१७.६७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. त्या हद्दीतलं आमच्याच तालुक्यातलं गोठणे गाव उठून देवरुखजवळ हातीवला वसलं. देव, शेतं, पाणवठे सोडून आलेल्या माणसांच्या गोष्टी इथे घराघरात ठाऊक आहेत. उद्यान वाढणार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी सामानाचा टेम्पो येतो.

दुपारी दोन

जेवून वही नीट करतो. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला: ११६५.५७ चौरस किलोमीटर, त्यातलं ६००.१२ गाभा, बाकी बफर. दोन वर्षांनी कोयना आणि चांदोली जागतिक वारशाच्या यादीत गेली. हे सगळं मोलाचं आहे. पण धनेशाला हद्दीचा दगड दिसत नाही. तो कडा उतरून कोकणात येतो. माझं ठाम मत आहे की इथून पुढे उद्यान वाढवायचं ते गावं न उठवता. कायद्यानं त्याला वाट आहे. २००२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्र आलं, त्यात लोकांचे हक्क शाबूत राहतात. घाटावर विशाळगडाला तसंच केलं. तरी ती वाट सरकारी जमिनीसाठी. खासगी रानासाठी त्याच कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्र आहे, तेही मालक स्वतःहून पुढे आले तरच. नाहीतर करार. पुण्याच्या एईआरएफ संस्थेनं या तालुक्यात मालकांशी रान न तोडण्याचे करार केले, त्यांना मोबदला दिला. बेहड्याची फळं फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह औषधी चहाच्या कंपनीला विकता येतात हेही दाखवलं. उभ्या झाडाला दरवर्षी पैसा. देवरुखची सह्याद्री संकल्प सोसायटी धनेशाच्या ढोल्यांवर काम करते. असे आणखी लोक हवे आहेत, आणि मोबदला सरकारच्या तिजोरीतून हवा.

साडेचार

पुन्हा जाळीमागे. पाचनंतर एकच खेप, उंबरं. मादी मेपर्यंत आत आहे. तोवर नराला काही झालं तर आतल्यांचं अवघड आहे, म्हणून या दिवसांत रानात बंदूक घेऊन कोणी फिरलं तर गावकऱ्यांनी हटकायचं असं ठरलं आहे. गेल्या आठवड्यात दोन पोरांनी ते केलंही.

सात

सहाणेवर शिमग्याची बैठक. पालखी कुठल्या वाडीत कधी, यावर तासभर गेला. शेवटी मी विषय काढला: ढोलीभोवतीचं रान पाच वर्षं तोडायचं नाही, मोबदल्याचा अर्ज सगळ्यांच्या नावानं करायचा. गावकार म्हणाले, "एकट्या आबांनी हो म्हणून चालत नाही रे." खरंच आहे. आबांच्या रानाच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. सात मुंबईला, एक सुरतेला. एकानं विकायचं म्हटलं तर घरात भांडण, आणि सही राहिली तर करार अर्धवट.

सगळे एकत्र येतात ते शिमग्यालाच. पालखी आबांच्या अंगणात येईल त्या दिवशी दुपारी बसायचं, असं ठरलं. कराराचा मसुदा सोप्या मराठीत लिहून, मोठ्या अक्षरात छापून आणायचं काम माझ्याकडे आहे. आबांच्या मुलुंडच्या पुतण्याला रानाच्या पंधरा एकरांतल्या आपल्या वाट्याची किंमत आधी कळायला हवी आहे. त्याला रात्रीच फोन लावला. तो शनिवारच्या गाडीनं येतोय.